ईश्वरविज्ञानाचा अभ्यास कोणासाठी?

शास्त्रपाठ : लूक १:१–४, लूक २:४६, ४७, प्रे. कृत्ये १७:१०–१२
पाठांतरासाठी वचन : १ पेत्र ३:१५
मुख्य विचार : प्रामाणिक प्रश्न हा विश्वासाचा वैरी नाही. शास्त्र उघडून त्याचे उत्तर शोधणे, हेच ईश्वरविज्ञानाचे काम आहे.



ह्या पाठाची सुरुवात आम्हांला आमच्याच एका चुकीपासून करावी लागत आहे. हैदराबादच्या अंबरपेठेत आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहतो. कोणाचे वाडवडील जालन्याहून आले, कोणाचे नांदेडहून, कोणाचे सोलापूरहून. मुले शाळेत इंग्रजी बोलतात, गल्लीत तेलुगू आणि हिंदी बोलतात, आणि रविवारी शब्बाथ शाळेत आमच्यापुढे बसून मराठी बायबल वाचतात. मोठ्या मुलांचा वर्ग आमच्याकडे आहे.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या एका रविवारी वर्गातल्या एका मुलीने विचारले, "काका, मत्तयाच्या शुभवर्तमानात थडग्याजवळ दोन स्त्रिया गेल्या. मार्कात तीन आहेत. योहानात एकटी मग्दालीया मरीया आहे. देवदूतसुद्धा कुठे एक, कुठे दोन. मग खरे कोणते?"

आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "देवाच्या वचनाबद्दल शंका घेऊ नये. विश्वास ठेव." वर्ग गप्प झाला. आम्हांला वाटले, आपण विश्वासाचे रक्षण केले. ती मुलगी पुढचे चार रविवार आली नाही. एके दिवशी बसथांब्यावर भेटली तेव्हा आम्ही कारण विचारले. ती एवढेच म्हणाली, "काका, मी शंका घेतली नव्हती. मी चारही शुभवर्तमाने वाचली होती."

प्रियांनो, सांगण्यास लाज वाटते, परंतु हा प्रश्न आमच्या परिचयाचा होता. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचा अभ्यास करताना आम्ही तो सोडविला होता, त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते. उत्तर आमच्या वहीत होते, पण ते वर्गात न्यायचे असते हे आमच्या ध्यानात आले नाही. तेव्हापासून आम्ही स्वतःला विचारीत आलो आहोत की, हा अभ्यास आहे तरी कोणासाठी? तोच विचार आज आपण मिळून करू या.

१. ईश्वरविज्ञान म्हणजे काय?

देवाने स्वतःविषयी जे प्रकट केले आहे, त्याचा शिस्तीने केलेला अभ्यास म्हणजे ईश्वरविज्ञान. सेमिनरीत त्याच्या निरनिराळ्या शाखा शिकवितात. पहिली, जुन्या व नव्या कराराचा अभ्यास. त्यात हिब्रू व ग्रीक भाषा आल्या. दुसरी, ख्रिस्ती सिद्धांत. म्हणजे देव, मनुष्य, पाप, तारण, मंडळी ह्यांविषयी संपूर्ण शास्त्र काय शिकविते ते. तिसरी, मंडळीचा इतिहास. चौथी, व्यावहारिक शाखा. उपदेश, पाळकीय काम, शिक्षण आणि सुवार्ताकार्य.

ह्यांपैकी जे ईश्वरविज्ञान इंग्रजीत 'इव्हँजेलिकल' म्हणून ओळखले जाते, त्याला ह्या पाठापुरते आपण 'सुवार्तानिष्ठ' म्हणू. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शुभवार्ता. डेव्हिड बेबिंग्टन ह्या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ साली सुवार्तानिष्ठ लोकांच्या चार खुणा सांगितल्या, त्या आज जगभर मानल्या जातात : बायबलला सर्वोच्च स्थान, ख्रिस्ताच्या वधस्तंभावर भर, मनपरिवर्तनाची गरज, आणि विश्वास कृतीत उतरविण्याची तळमळ.

ह्यातली पहिली खूण नीट पाहा. बायबल सर्वोच्च असेल तर आपला प्रत्येक सिद्धांत, प्रत्येक उपदेश, पाळकसाहेबांचे आणि आमचे बोलणेसुद्धा शास्त्राच्या कसोटीला लावले पाहिजे. बिरुयातील लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे असे तपासून पाहिले, आणि त्याबद्दल लूक त्यांना दोष देत नाही. तो त्यांना थोर मनाचे ठरवितो. म्हणून सुवार्तानिष्ठ मनुष्याला प्रश्नाची भीती वाटण्याचे कारण नाही. आमच्या वर्गातल्या त्या मुलीने बिरुयाकरांचेच काम केले होते.

२. मग अभ्यासाची भीती का वाटते?

आपल्या मंडळ्यांत असे बोलणे पुष्कळदा ऐकू येते की, "सेमिनरीत गेला की मुलाचा विश्वास थंड होतो." ह्या भीतीला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या विद्यापीठांत बायबलच्या चिकित्सेला जोर आला. काही विद्वानांनी चमत्कार, भविष्यवाणी, पुनरुत्थान ह्या सर्वांवर प्रश्नचिन्ह लावले. तेव्हा अनेक सुवार्तानिष्ठ लोक विद्यापीठांपासून दूर सरले आणि त्यांनी आपापल्या बायबल शाळा काढल्या. श्रद्धा राखली गेली, पण विद्येचे मैदान मात्र पुष्कळ अंशी दुसऱ्यांच्या हाती गेले.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे चित्र बदलू लागले. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे टिंडेल हाउस हे बायबल संशोधनाचे ग्रंथालय उभे राहिले. अमेरिकेत १९४७ साली फुलर सेमिनरी निघाली. विद्वत्तेला उत्तर द्यायचे तर ते विद्वत्तेनेच दिले पाहिजे. पळून जाऊन नव्हे, हे लोकांना पटले. पुढे १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लॉझान येथे सुमारे दीडशे देशांतील सुवार्तानिष्ठ लोक जमले. तेथे जो करारनामा तयार झाला, त्याच्या मसुद्याचे काम जॉन स्टॉट ह्यांच्या नेतृत्वाखाली झाले. सुवार्ता सांगणे आणि समाजातील अन्यायाची दखल घेणे ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत, असे त्यात मान्य केले आहे.

आपल्या देशातही ही वाट तयार झाली. बंगालमध्ये सेरामपूर येथे केरी, मार्शमन आणि वॉर्ड ह्यांनी १८१८ साली कॉलेज काढले. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. आज भारतातील कितीतरी सेमिनरी सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. आमच्या हैदराबादेत टँक बंडखालच्या भागात असलेले आंध्र ख्रिस्ती ईश्वरविज्ञान महाविद्यालय त्यांपैकीच एक. १९५१ साली भारतातील सुवार्तानिष्ठ मंडळ्यांचे सहभागित्व स्थापन झाले, आणि १९५३ साली आपल्या विदर्भातील यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ साली ती पुण्याला गेली. देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी ज्या ठिकाणी शिकावयास आले, ते ठिकाण तीस वर्षे वऱ्हाडातले एक गाव होते, हे आपण मराठी ख्रिस्ती लोक किती वेळा आठवितो?

३. आपल्याच घरातील साक्षी

ईश्वरविज्ञान ही परदेशातून आलेली वस्तू आहे, असे कोणी म्हणेल. त्याला आम्ही आपल्या वडीलधाऱ्यांतील दोघांकडे बोट दाखवू.

(अ) रेव्ह. नारायण शेषाद्री. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, म्हणजे ते आम्हां हैदराबादकरांचेच. हा मराठी सेवक १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत जगातल्या विद्वानांपुढे उभा राहून बोलला. खेड्यातील गोरगरिबांची मंडळी आणि जागतिक व्यासपीठ ही दोन्ही त्यांनी एकाच आयुष्यात सांभाळली.

(ब) पंडिता रमाबाई. त्यांचाही निजामाच्या राज्याशी संबंध होता. गुलबर्ग्याला त्यांनी शाळा काढली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या घरात त्या संस्कृत शिकल्या, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा पदव्या देऊन गौरव केला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी विचार करणे थांबविले नाही. त्रैक्याविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील ह्यांना एकामागून एक प्रश्न विचारले. ती पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. हे शास्त्रात कोठे आहे, ते मला दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. सिस्टर जेराल्डिनना त्यात गर्व दिसला. आमच्याप्रमाणे त्यांनाही प्रश्न आणि अविश्वास ह्यांतला फरक नेहमीच ओळखता आला नाही.

पुढे काय झाले? काही वर्षांनी रमाबाईंनी स्वतःच साक्ष दिली की, आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो नंतर सापडला. प्रश्न विचारणारी ही स्त्री ख्रिस्तापासून दूर गेली नाही; त्याच्याजवळ आली. दुष्काळातील अनाथ मुलींना आणि विधवांना तिने केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. आणि तेथेच, एवढ्या कामाच्या रगाड्यात, त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी केले. साध्या बायकांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती, आणि ज्या शब्दांना दुसऱ्या तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेला आहे असे त्यांना वाटे, ते शब्द त्या टाळीत. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. १९२४ साली ते बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

रमाबाई कोणत्याही सेमिनरीच्या पदवीधर नव्हत्या. पण मूळ भाषा शिकणे, शब्द पारखून घेणे, जे शिकविले जाते ते शास्त्राशी ताडून पाहणे आणि मिळालेले ज्ञान गरिबांच्या हाती देणे, हे सर्व त्यांनी केले. सुवार्तानिष्ठ ईश्वरविज्ञान ह्याहून निराळे ते काय असते?

४. भाषेची अडचण

येथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. आज ईश्वरविज्ञानाचे उच्च शिक्षण आपल्याकडे बहुतेक इंग्रजीत चालते. ग्रंथ इंग्रजी, व्याख्याने इंग्रजी, प्रबंध इंग्रजी. सेमिनरीतून परत आलेला तरुण मराठी मंडळीत उभा राहतो, तेव्हा शिकलेले मराठीत कसे सांगावे हे त्याला सुचत नाही. मग तो एक तर इंग्रजी शब्दांची खिचडी करतो, नाही तर आमच्यासारखे "विश्वास ठेव" एवढेच म्हणून मोकळा होतो.

अंबरपेठेहून जवळच उस्मानिया विद्यापीठ आहे. १९१८ साली ते स्थापन झाले तेव्हा तेथील शिक्षण उर्दूतून देण्याचे ठरले. त्यासाठी आधीच एक भाषांतर कार्यालय उघडून विद्वान मंडळी नेमण्यात आली, आणि विज्ञानाच्या व इतर विषयांच्या ग्रंथांसाठी त्यांनी उर्दू शब्द तयार केले. १९४८ नंतर तेथे इंग्रजी आली, ही गोष्ट वेगळी. पण त्या माणसांना एक गोष्ट कळली होती : कोणतीही विद्या लोकांच्या भाषेत आपोआप येत नाही. कोणाला तरी बसून शब्द घडवावे लागतात.

आपल्या मंडळीत हे काम पूर्वी झाले आहे. बाबा पदमनजींनी मराठीत कितीतरी ख्रिस्ती पुस्तके लिहिली. १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'ने पिढ्यान् पिढ्या मराठी ख्रिस्ती वाचकांना विचार करावयास शिकविले. तारण, नीतिमान ठरणे, प्रायश्चित्त, कृपा हे शब्द आज आपल्या तोंडी सहज येतात, कारण कोणीतरी ते पारखून वापरात आणले. ती पुंजी आपण बसून खात आहोत. तीत भर कोण घालणार?

५. त्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. बायबल उघडा आणि चार भाग शेजारी शेजारी ठेवून वाचा : मत्तय २८:१–८, मार्क १६:१–८, लूक २४:१–१२, योहान २०:१–१३.

मत्तय दोन मरीयांची नावे देतो. मार्क सलोमेचेही नाव घेतो. लूक योहान्नाचे नाव घालतो आणि त्यांच्याबरोबर आणखी स्त्रिया होत्या असे स्पष्ट सांगतो. योहान केवळ मग्दालीया मरीयेविषयी लिहितो, पण २० व्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात ती पेत्राशी बोलते तेव्हा 'मी' असे न म्हणता 'आम्ही' ह्या अर्थाने बोलते. म्हणजे ती एकटी गेली नव्हती, हे योहानालाही ठाऊक आहे. ज्याने एकाचेच नाव घेतले, त्याने दुसरे कोणी नव्हते असे म्हटलेले नाही. देवदूतांचेही तसेच. जो बोलला त्याच्याविषयी एकाने लिहिले, दुसऱ्याने दोघांचा उल्लेख केला. सगळेच तपशील जुळवून दाखविता येतात असे आम्ही म्हणत नाही. काही ठिकाणी विद्वानांत आजही मतभेद आहेत. परंतु चौघांनी संगनमत करून गोष्ट रचली असती, तर हे फरक त्यांनी आधीच पुसून टाकले नसते काय?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी यहूदी समाजात स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरीत नसत. योसेफस हा यहूदी इतिहासकार तसे लिहून ठेवतो. असे असता चारही शुभवर्तमाने एकमुखाने सांगतात की, रिकामे थडगे प्रथम स्त्रियांनी पाहिले. गोष्ट रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. ज्या फरकाला आम्ही भ्यालो, त्याचा अभ्यास करीत गेले की पुनरुत्थानाच्या साक्षीला बळकटीच येते.

हे सर्व समजून घेण्यास मराठी बायबल, कागद आणि एक तास पुरे झाला. आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो, तिच्या आईवडिलांसमोर आमची चूक कबूल केली, आणि तिच्याबरोबर हे चार भाग वाचले. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे वर्गात का नाही सांगितले?" ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर ती दोन रविवार आली. मग शिक्षणासाठी दुसऱ्या शहरी गेली. आता ती उपासनेला जाते की नाही, हे आम्हांला माहीत नाही. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करतो. वाचकहो, शिक्षकाच्या एका वाक्याची किंमत किती असते, हे आम्ही असे शिकलो.

६. शिक्षकांनी काय करावे?

(१) प्रश्न आला की प्रथम आनंद माना. मूल वाचीत आहे, ह्याची ती खूण आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता.

(२) उत्तर येत नसेल तर तसे सांगा, आणि पुढच्या रविवारपर्यंत शोधून आणा. लूकानेसुद्धा सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन मगच लिहिले, हे तो आरंभीच सांगतो.

(३) एक वही ठेवा. मुलांचे प्रश्न तीत लिहा, आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेब किंवा सेमिनरीत शिकलेले कोणी बंधुभगिनी ह्यांना दाखवा. त्यांचे ज्ञान मंडळीचे आहे. ते मागून घेण्यात संकोच नको.

(४) शक्य असेल त्यांनी पदविकेचा अभ्यास करावा. नोकरी सांभाळून करता येण्याजोगे अभ्यासक्रम आहेत. मात्र शिकाल ते आपल्या भाषेत सांगण्याचा सराव करा. आजीला आणि नातीला दोघींनाही कळले, तरच ते आपल्याला कळले असे समजा.

(५) ज्ञानाने गर्व येतो आणि प्रीतीने उभारणी होते, हे पौलाचे शिक्षण (१ करिंथ ८:१) विसरू नका. प्रभूने देवावर प्रीती करण्याची आज्ञा सांगताना बुद्धीचाही समावेश केला (मार्क १२:३०). बुद्धी ही प्रीतीची दासी आहे. तिला घराबाहेर ठेवू नये, आणि घरधनीणही करू नये.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. बिरुयातील लोकांनी पौलाचे शिक्षण तपासले, तरी ते थोर मनाचे का ठरले?
२. पंडिता रमाबाईंच्या प्रश्नांमुळे त्यांचा विश्वास कमी झाला की वाढला? कशावरून?
३. चार शुभवर्तमानांतील पुनरुत्थानाचे भाग शेजारी ठेवून वाचा. कोणत्या गोष्टी चारही ठिकाणी सारख्या आहेत?
४. आपल्या मंडळीत असा कोणता प्रश्न आहे, जो विचारण्यास मुले भितात?
५. 'कृपा' ह्या शब्दाचा अर्थ दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा मराठीत दोन वाक्यांत लिहा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू तुझ्या शिष्यांच्या प्रश्नांना कंटाळला नाहीस. थोमाला तू हाकलून दिले नाहीस. आपल्या जखमा त्याला दाखविल्या. आमच्या उतावळ्या उत्तरांमुळे जी लेकरे तुझ्या मंडळीपासून दूर गेली, त्यांना तू स्वतः शोध. आम्हां शिक्षकांना अभ्यासाची आवड दे, चूक कबूल करण्याचे धैर्य दे, आणि तुझे सत्य आमच्या मायबोलीत सांगण्यास शब्द दे. आमेन.